घर एक, आवडी पाच

शैक्षणिक वर्ष संपत आले की शाळेच्या ग्रंथालयाची मोजदाद करावी लागते. कपाटे उघडावयाची, नोंदवहीतील क्रमांक पुस्तकांशी ताडून पाहावयाचे आणि जी पुस्तके अगदीच जीर्ण झाली असतील त्यांची यादी ‘बाद करण्यास योग्य’ असा शेरा मारून वरिष्ठांकडे धाडावयाची. मुख्याध्यापकाच्या वाट्याला येणाऱ्या कामांत याहून नीरस काम नाही, असे मी इतकी वर्षे समजत आलो. यंदा मात्र ती यादी लिहिता लिहिता माझी लेखणी थबकली.

यादीत एकही थोर ग्रंथ नव्हता. वरच्या खणातील समग्र वाङ्मयाचे खंड, कोश, गौरवग्रंथ हे सारे जसे आणले तसेच उभे होते. बाद व्हावयाची ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तके, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, चिं. वि. जोशींचे चिमणराव, ‘किशोर’चे बांधून ठेवलेले जुने अंक आणि कोणाच्या तरी देणगीच्या गठ्ठ्यातून आलेल्या आठ-दहा रहस्यकथा. शिवण उसवलेली, कोपरे दुमडून दुमडून गळून पडलेले, एका पानावर तर हळदीच्या बोटाचा स्पष्ट ठसा. जे वाचले जाते ते बाद होते आणि जे कोणी उघडत नाही ते ग्रंथालयाची मालमत्ता म्हणून कायम राहते, असा हा चमत्कारिक हिशेब आहे.

आमच्या शाळेचे माध्यम इंग्रजी. मराठी हा एक विषय, दिवसातून एक तासिका. डिचोली तालुक्यातील या मुलांच्या घरात बोली कोकणी, देवळातील आरती मराठी, दारी पडणारे वर्तमानपत्र बहुधा मराठी आणि हातातल्या यंत्रावर जगातील सगळ्या भाषा. अशा मुलाने तासिका संपल्यावरही मराठी पुस्तक उघडावे, यासाठी त्याला काय बांधून ठेवणार? व्याकरण खचित नव्हे. मोजदादीची यादी सांगत होती की बांधून ठेवले ते या फाटक्या पुस्तकांनी.

आपल्या भाषेने या बाबतीत थोडा अन्यायच केला आहे. गाण्याचा जो प्रकार सर्वांना सहज कळावा, त्याला आपण ‘सुगम संगीत’ असे गोड नाव दिले. सर्वांना सहज वाचता येणाऱ्या पुस्तकांना मात्र ‘हलके वाचन’ म्हटले. आता ‘हलका’ या शब्दाचे दोन अर्थ. वजनाने हलका तो एक, आणि प्रतीने हलका तो दुसरा. पहिल्या अर्थाने सुरुवात केलेली माणसे दुसऱ्या अर्थावर कधी जाऊन पोहोचतात ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. मी त्यांतलाच एक होतो, हे पुढे सांगणारच आहे.

माझे बालपण गेले पेडणे तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीपासून फार दूर नसलेल्या एका गावात. घरात गाण्याचे यंत्र एकच होते. प्रथम हाताने चावी देण्याचा ग्रामोफोन, तोही मुंबईला नोकरीस असलेल्या आतोबांनी चतुर्थीला येताना आणलेला, मग रेडिओ, आणि मी शाळेत असताना, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, टेपरेकॉर्डर. यंत्रे बदलली, पण एका वेळी घरात बोलणारे यंत्र एकच, हा नियम बदलला नाही. ऐकणारे मात्र पाच आणि पाचांच्या आवडी पाच.

आजोबांना नाट्यपदांखेरीज दुसरे गाणे ठाऊक नव्हते. दशावताराच्या रात्री जागवून कान तयार झालेला हा गृहस्थ मोठमोठ्या गायकांनाही ‘याचा आवाज दहीकाल्याला मागच्या माणसापर्यंत पोहोचेल का?’ या एकाच मापाने मोजी. आजीला भजन हवे असे. वडिलांना बातम्या आणि त्यांच्यामागून शास्त्रीय गायन. आईला भावगीते, ‘आपली आवड’ लागण्याच्या वेळी ती स्वयंपाकघराचे दार मुद्दाम उघडे ठेवी. आणि काका, जे तेव्हा कॉलेजात होते, ते बुधवारी रात्री अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेसाठी रेडिओच्या कानाशी कान लावून बसत. त्या वेळी आजोबा ओसरीवर जाऊन बसत खरे, पण ओसरी आणि माजघर यांत भिंत अशी ती कितीशी! पुढल्या आठवड्यात कोणते गाणे वर चढणार याविषयी त्यांचे एक गुप्त अनुमान असे, आणि ते बहुधा बरोबर निघे.

मला वाटते, आमच्या घरातील रसिकतेचे जे काही शिक्षण झाले ते या अडचणीने झाले. स्वतःच्या आवडीचे गाणे येईपर्यंत दुसऱ्याच्या आवडीचे सोसणे भाग होते. सोसता सोसता कान ओळखू लागत आणि ओळखीचे झाले की त्याचा राग राहत नसे. आज आमच्याच घरात चार माणसे आणि चार कानयंत्रे आहेत. प्रत्येकाला हवे ते, हव्या त्या क्षणी मिळते. भांडण नाही. परंतु माझा मुलगा काय ऐकतो ते मला ठाऊक नाही, आणि मी काय ऐकतो ते त्याला ठाऊक नाही.

त्या ग्रामोफोनच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटे गाऊन गप्प होत. ज्यांना एक राग मांडावयास तासभर अपुरा पडे, त्यांनी तीन मिनिटांत काय करावे? तरीही गोमंतकाच्या मातीतील किती थोर गळे आज आपल्याला त्या तीन मिनिटांमुळेच ऐकू येतात! केसरबाई केरकर या केरीच्या. (गोव्यात केऱ्या तीन, ही फोंडा महालातील, आमच्या पेडण्याची नव्हे, हे सांगताना पेडणेकराला थोडे दुःख होतेच.) ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ. पण त्यांनी भैरवीची एक चीज साडेतीन मिनिटांत गाऊन ठेवली, आणि १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन अवकाशयाने सोडली तेव्हा त्यांवर ठेवलेल्या सोनेरी तबकडीत साऱ्या जगातील संगीताचे जे सत्तावीस नमुने निवडले, त्यांत भारताच्या वतीने ती गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई निवर्तल्या. तीन मिनिटांच्या गाण्याला ‘हलके’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आमच्या तालुक्याची बाजूही अगदीच रिती नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांनी मालपे हे पेडण्यातील गाव आपल्या नावात कायमचे नेले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर यांच्या आडनावात पार्से आहे. आजोबा हे सांगताना असे सांगत, जणू दोघांनाही त्यांनीच मुंबईच्या वाटेला लावले होते.

मोठ्या तबकड्या आल्या, एका बाजूस वीसेक मिनिटे गाणाऱ्या, आणि गाण्याचा संच ही वस्तू जन्मास आली. निवडक गाणी एका सूत्रात ओवून एका पाकिटात घालणे, पाकिटाच्या मागे कोणी जाणत्याने दोन परिच्छेद लिहिणे, ही एक नवी वाङ्मयीन जातच झाली. मला आठवते, पाकिटामागचा तो मजकूर मी धड्यासारखा वाचीत असे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक अशा क्रमाने प्रसारित झाले, पण आमच्या घरी ते आले पुष्कळ उशिरा, ध्वनिफितींच्या रूपाने. छप्पन गीते आणि एकही कंटाळवाणे नाही. १९७४ साली शिवराज्याभिषेकास तीनशे वर्षे झाली तेव्हाचा लता आणि हृदयनाथ मंगेशकरांचा ‘शिवकल्याण राजा’; श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर भीमसेन जोशींनी गाइलेले अभंग; आणि आमच्या घरी सर्वांत अधिक झिजलेली ती जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदे.

अभिषेकीबुवांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. मंगेशीच्या या माणसाने आमच्या घरातील एक जुने भांडण मिटविले. आजोबांच्या मते संगीत नाटक बालगंधर्वांबरोबर संपले होते आणि काकांच्या मते ते संपले हे बरेच झाले. मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ साली ‘ययाति आणि देवयानी’ रंगभूमीवर आणले, दोहोंचे संगीत बुवांचे. पदे आटोपशीर, एकाच पदात घोळ घालीत बसणे नाही. पण रागाचे शील कायम. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने तर कळसच केला. आजोबांना त्यात राग सापडला आणि काकांना चाल. दोघे एकाच तबकडीसमोर एका वेळी बसलेले मी प्रथम पाहिले ते तेव्हा. शास्त्रीय आणि सुगम यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, हे मला पुस्तकाने शिकविले नाही. म्हापशाच्या रामदास कामतांच्या आवाजाने शिकविले.

कॅसेट आली आणि गाणे स्वस्त झाले, तसे ते थोडे बेशिस्तही झाले. डिचोली तालुक्यातून खनिजाचे ट्रक धावत तेव्हा प्रत्येक ट्रकात टेप वाजत असे. चढावर गाडी थबकली की कोणाची आवड काय ते साऱ्या गावाला कळे. चतुर्थीच्या दिवसांत चित्रपटांच्या चालींवर बसविलेल्या आरत्यांचा सुळसुळाट झाला. त्यांविषयी माझे मत आजही प्रतिकूल आहे. आमच्याकडे घुमट, शामेळ आणि झांज यांच्या साथीने जी आरती होते तिला उसन्या चालींची गरज नाही. घोरपडीचे कातडे निषिद्ध झाल्यावर घुमटाचे काय होणार अशी चिंता होती. कातडे बदलले, वाद्य टिकले आणि २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. भजनाचेही तसेच. कला अकादमीच्या, मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने होणाऱ्या भजन स्पर्धेसाठी आमच्या शाळेतील मुले महिनोन्महिने तालीम करतात. ज्या मुलाला मराठीच्या तासिकेला अभंगाचा अर्थ सांगताना घाम फुटतो, तो भजनात तोच अभंग बिनचूक शब्दांनी गातो, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

आता वाचनाकडे वळतो. घरात पुस्तकांची पेटीही एकच होती आणि तिच्यातही पाचांचा संसार. वडिलांसाठी दैनिक ‘गोमन्तक’, जे मुक्तीनंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९६२ मध्ये निघाले. आईसाठी ‘स्त्री’ आणि ‘माहेर’. आम्हा मुलांसाठी ‘चांदोबा’. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ आता बोलावयाचा थांबला आहे, पण ‘किशोर’ १९७१ पासून आजतागायत चालू आहे आणि बालभारतीने त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, ही गोष्ट पालकांना ठाऊक नसते. दिवाळी अंक कोणा एकाचा नसे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांनी काय योजिले होते कोण जाणे, पण एका जाड अंकात कथा, कविता, व्यंगचित्र, प्रवास आणि भविष्य कोंबण्याची ही कल्पना एकत्र कुटुंबासाठीच निघाली असावी. आजोबा भविष्यापासून आरंभ करीत आणि काका ‘आवाज’च्या खिडक्या उघडण्यापासून. आई कथांना शेवटी हात लावी, कारण तिला तो अंक सर्वांच्या मागून, पण सर्वांत अधिक दिवस हवा असे.

पेटीच्या तळाशी, आजोबांच्या नजरेआड, काकांच्या रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या, नारायण धारपांच्या भयकथा, पुढे सुहास शिरवळकर. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. २०२१ साली निवर्तलेले नाईक, मूळ आपल्या गोमंतकातलेच, त्यांची संख्याही बाराशेच्या घरात सांगतात. आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात यांतील एकाचेही नाव मी ऐकले नाही. चंद्रकांत काकोडकर हे नाव ऐकले ते न्यायालयाच्या संदर्भात. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायमूर्तींनी ती कथा अश्लील ठरत नाही असा निर्णय दिला. मराठी रंजक कथेला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने इतके लक्षपूर्वक वाचले. आमच्या प्राध्यापकांनी मात्र वाचले नाही.

आणि ज्यांना आपण थोर म्हणतो त्यांनी रंजनाचा तिटकारा केला होता काय? खाडीपलीकडे शिरोड्यास १९२० पासून अठरा वर्षे शाळा चालविणाऱ्या वि. स. खांडेकरांनी चित्रपटांच्या कथा लिहिल्या. आरवलीचे जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवीत आणि ‘सारे प्रवासी घडीचे’मधील त्यांची माणसे तर आमच्या पेडण्याच्या बाजारात रोज भेटावीत अशी. सत्तरीतील आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्याच लेखणीतून ‘वहिनीच्या बांगड्या’ आणि ‘मानिनी’ या चित्रपटांच्या कथाही उतरल्या. माझ्या आईने शास्त्रीबुवांचा कोश पाहिला नव्हता. त्यांच्या कथा वाचून ती डोळे पुसत असे. दोन्ही वाचकांसाठी तेच शास्त्रीबुवा लिहीत होते, याचा मला फार उशिरा अर्थ कळला.

गाणे आणि वाचन यांची गाठ घातली ती पु. ल. देशपांड्यांनी. त्यांची कथाकथने ध्वनिफितींवर आली आणि ज्यांनी कधी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांनाही ‘म्हैस’मधील एस्. टी.चे प्रवासी तोंडपाठ झाले. आजी निरक्षर होती. पु. लं.चे सारे वाङ्मय तिने कानांनी वाचले. हल्ली ध्वनिपुस्तकांचे मोठे कौतुक होते, आणि व्हावे; दृष्टी मंदावलेल्या माझ्या एका मावशीला मुलाने यंत्रावर ती लावून दिली आहेत व तिचे दुपारचे तास सुखात जातात. माझी सूचना एवढीच, की कधी कधी ते यंत्र कानातून काढून माजघरात मोठ्याने लावावे. नातवंडे कुरकुरतील. कुरकुरू द्यावीत; आम्हीही कुरकुरत होतो.

भेट म्हणून काय द्यावे असे पालक विचारतात तेव्हा मी प्रथम विचारतो, ‘त्याला काय आवडते?’ क्रिकेट आवडणाऱ्या मुलाला क्रिकेटचे पुस्तक द्यावे. भुतांची भीती बाळगणाऱ्याला धारप द्यावेत, भीती मराठीतून वाटू लागली म्हणजे निम्मे काम झाले. हे शहाणपण मला विनामूल्य मिळालेले नाही.

नोकरीस लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एम्. ए.ची पदवी ताजी होती आणि अभिरुची नावाच्या वस्तूचा मी तालुक्यातील एकमेव रक्षक आहे अशी माझी समजूत होती. आठवीच्या वर्गात मी कविता शिकवीत असता मागच्या बाकावरचा एक मुलगा बाकाखाली मान घालून काही वाचीत होता. मी गेलो, पुस्तक ओढून घेतले. रहस्यकथा. वर्गासमोर त्या पुस्तकाविषयी मी जे बोललो ते आज लिहिण्याची मला लाज वाटते. मुलगा एवढेच म्हणाला, ‘सर, शेवटची पंधरा पाने राहिली आहेत.’ वर्ग हसला. पुस्तक मी टेबलाच्या खणात टाकले ते परत दिले नाही. तो धीट नव्हता, त्याने मागितलेही नाही.

यंदाच्या मोजदादीत देणगीच्या गठ्ठ्यात मला ते सापडले. मुखपृष्ठ गेलेले, आत एका खासगी वाचनालयाचा पुसट शिक्का, आणि शेवटची पाने वाळवीने चाळणी केलेली. ते वाचनालय बंद पडून पुष्कळ वर्षे झाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात डिचोलीच्या बसस्थानकावर तो मला भेटला. आता चाळिशी ओलांडलेला, स्वतःचे गॅरेज असलेला गृहस्थ, मुलगी दहावीला. ओळख पटल्यावर मीच तो विषय काढला आणि क्षमा मागितली. तो संकोचला. म्हणाला, ‘सर, वाचनालयाची अनामत गेली एवढेच. बाबा पुन्हा पैसे देईनात. मग वाचायचे राहिलेच.’ थोडे थांबून म्हणाला, ‘पण त्याचा शेवट काय होता, हे अजून मध्येच मनात येते.’

मी सांगितले की पाने वाळवीने खाल्ली आहेत.

‘मग कळायचे नाही आता,’ तो म्हणाला.

आणि तेव्हा मला ती गोष्ट कबूल करावी लागली, जी मी आजवर कोणालाही सांगितली नव्हती. ज्या दिवशी ते पुस्तक मी त्याच्या हातून ओढून घेतले, त्याच रात्री खोलीवर कंदिलाच्या उजेडात, वीज गेलेली असताना, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी ते एका बैठकीत वाचून काढले होते.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि शेजारी बसत म्हणाला, ‘तर मग सांगा सर. वकिलाच्या खोलीत ती चावी सापडते, तिथपर्यंत मी आलो होतो.’

मी चावीपासून सुरुवात केली. साखळीची बस आली आणि गेली.